इंजिन बंद, ऑटोपायलट चालू

प्रश्न : मी एसटीत ३१ वर्षं चालक होतो, आता निवृत्त आहे. गेल्या महिन्यात मुलानं पहिल्यांदा विमानात बसवलं, मुंबई ते बंगळूर. शेजारचा एक तरुण म्हणाला, ‘काका, वर गेल्यावर हे आपोआपच चालतं, पायलट नुसता बसून असतो.’ तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. दोन इंजिनांपैकी एक बंद पडलं तर तो ऑटोपायलट काय करतो? हात सोडतो की धरून ठेवतो? आमच्या गाडीचं इंजिन उतारावर बंद पडलं की स्टिअरिंग जड व्हायचं आणि ब्रेकचीही धास्ती वाटायची. विमानाचं तसंच होतं का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : धरून ठेवतो. बहुतेक विमानांत, बहुतेक वेळा. आणि धरून ठेवताना तो कुणाला फारसं काही सांगत नाही. सगळी गोम तिथेच आहे, म्हणून जरा ऐसपैस सांगतो.

ऑटोपायलट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सगळं जाणणारा, न दिसणारा चालक उभा राहतो. तो तसा नाही. त्याला ठरावीक कामं नेमून दिलेली असतात : ही उंची सोडू नकोस, ही दिशा धर, किंवा या आखलेल्या मार्गावरून चल. विमान त्यापासून जरा ढळलं की तो पंखांच्या टोकाकडच्या आणि शेपटीच्या झडपा हलवून ते जागेवर आणतो. इंजिनांचा जोर कमी-जास्त करणं हे त्याचं कामच नव्हे. त्यासाठी ऑटोथ्रॉटल नावाची वेगळी यंत्रणा असते. दोघं एकाच कॉकपिटमध्ये नांदतात, पण एकाच्या अडचणीची दुसऱ्याला दखल असतेच असं नाही.

आता एक इंजिन बंद पडलं असं धरा. तुमच्या गाडीचा एका बाजूचा ब्रेक धरून राहिला की गाडी त्या अंगाला ओढायची ना, तसंच हे. डावं इंजिन गेलं की उजवं एकटंच ढकलत राहतं आणि विमानाचं नाक डावीकडे वळायला लागतं. नाक वळलं की उजवा पंख हवा अधिक वेगाने कापतो, त्याला उचल जास्त मिळते. तो वर, डावा खाली. ऑटोपायलटला यातलं काय दिसतं? डावा पंख कलला, एवढंच. इंजिनाचं काय झालं हे त्याच्या हिशेबात नाही. पंख कलला म्हणजे सावरायचा, म्हणून तो सावरतो.

अगदी जन्मापासून त्याचा हा स्वभाव आहे. १८ जून १९१४ रोजी पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या २१ वर्षांच्या अमेरिकन तरुणाने, वडिलांनी नावारूपाला आणलेलं जायरोस्कोपचं यंत्र, म्हणजे गरगरणाऱ्या भोवऱ्याच्या तत्त्वावर चालणारं यंत्र, विमानात बसवून दाखवलं. परीक्षकांसमोरून जाताना त्याने दोन्ही हात वर केले. पुढच्या फेरीला त्याचा फ्रेंच मेकॅनिक एमिल काशँ चक्क पंखावर चालत गेला. एका बाजूला माणसाचं वजन आलं, विमान क्षणभर कललं आणि आपलं आपण सरळ झालं. पंखावर माणूस चढलाय की घार बसलीये हे त्या यंत्राला ठाऊक नव्हतं, ठाऊक असायची गरजही नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंजिन बंद पडल्यावर आजचा ऑटोपायलट मुळात तेच करतो, फक्त टाळ्या वाजवायला कुणी नसतं.

पण ओढ थोपवणं वेगळं आणि ओढीवर इलाज करणं वेगळं, हे चालकाला मी काय सांगावं! विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी झडप शेपटीच्या उभ्या पात्याला असते. तिला रडर म्हणतात आणि ती पायांनी चालते. एका इंजिनावर उडताना खरा इलाज तो : चालू इंजिनाच्या बाजूचं पेडल दाबायचं आणि नाक सरळ आणायचं. शिकाऊ वैमानिकांना एक खूण देतात, की जो पाय रिकामा त्या बाजूचं इंजिन गेलं. गंमत अशी की कित्येक विमानांत ऑटोपायलटला पायच नसतात. बोइंग ७३७ च्या नेहमीच्या ऑटोपायलटकडे पंखांच्या आणि आडव्या शेपटीच्या झडपा सोपवलेल्या असतात, रडर नाही. त्यामुळे इंजिन गेलं की तो नुसत्या हातांनी झुंजतो. कॉकपिटमधलं व्हील एका बाजूला वळवून धरलेलं, आणि विमान खेकड्यासारखं किंचित तिरकं चाललेलं. वैमानिकाने रडर दाबून, त्याचं ट्रिम (दाबलेला रडर तसाच धरून ठेवणारी सोय) फिरवून ते व्हील सरळ आणून दिलं की ऑटोपायलटचं ओझं उतरतं, मग तो तासभर असो की दोन तास, निवांत उडवतो. नाही आणून दिलं तर ओझं घेऊन उडवत राहतो. किती ओझं आहे याची ठळक खूण म्हणजे ते वळलेलं व्हील. बघणाऱ्याने बघितलं तर.

न बघितल्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट १९ फेब्रुवारी १९८५ ची. चायना एअरलाइन्सचं बोइंग ७४७ एसपी तैपेहून लॉस एंजेलिसला निघालं होतं, आत २७४ माणसं. दहा तास उडून झाले होते, खाली प्रशांत महासागर, सॅन फ्रान्सिस्को अजून साडेपाचशे किलोमीटर, उंची ४१ हजार फूट. चारांपैकी उजव्या टोकाचं, चौथ्या क्रमांकाचं इंजिन मंदावलं आणि त्याचा जोर गेला. चार इंजिनांच्या विमानाचं एक इंजिन जाणं हे काही मोठं अरिष्ट नव्हे. उरलेल्या तिनांवर ते छान उडतं. फक्त ४१ हजार फुटांवर नाही. तिथली हवा इतकी विरळ की खाली उतरण्यावाचून गत्यंतर नसतं. शिवाय ते इंजिन पुन्हा सुरू करायचं तर ३० हजार फुटांच्या खाली येऊनच करायला हवं होतं. फ्लाइट इंजिनिअर वरच खटपट करत राहिला.

इकडे ऑटोपायलट इमानेइतबारे राबत होता. उंची सोडू नकोस असं सांगितलेलं, म्हणून नाक उचलून धरत होता, आणि नाक उचललं की वेग घटत होता. विमान उजवीकडे ओढत होतं, म्हणून व्हील डावीकडे वळवत होता, आणखी डावीकडे, आणखी डावीकडे, आणि सुमारे २३ अंशांवर त्याची हद्द आली. रडरला अजून कुणाचा पाय लागला नव्हता. कॅप्टनचे डोळे घसरत्या वेगावर खिळलेले. हद्द आल्यावर विमान उजवीकडे कलू लागलं. नाक लवकर खाली घ्यावं म्हणून कॅप्टनने ऑटोपायलट सोडला, आणि त्यासरशी विमानाला डावीकडे रेटून धरणारा एकमेव हातही सुटला.

विमान उजवीकडे कलंडून ढगांत शिरलं आणि नाक खाली करून कोसळत निघालं. क्षितिज दाखवणारं उपकरण इतकं काही भलतंच दाखवत होतं की उपकरणच बिघडलं असं कॉकपिटमध्ये वाटलं. बिघडलेलं काहीच नव्हतं. साधारण अडीच मिनिटांत ४१ हजार फुटांवरून साडेनऊ हजार फुटांवर! ढगांखाली आल्यावर खरं क्षितिज दिसलं, तेव्हा कॅप्टनने विमान सावरलं. या ओढाताणीत शरीराचं वजन पाचपट वाटावं इतका ताण आला, आडव्या शेपटीच्या दोन्ही टोकांचे तुकडे तुटून गेले. तरी ते विमान सॅन फ्रान्सिस्कोला उतरलं. दोघांना गंभीर दुखापत झाली, मृत्यू एकही नाही. सावरल्यावर चौथं इंजिनही पुन्हा सुरू झालं, म्हणजे सगळं घडलं ते एका तात्पुरत्या बंद पडलेल्या इंजिनापायी. अमेरिकेच्या तपास मंडळाने कॅप्टनवर ठपका ठेवला : बिघाडात गुंतून उपकरणांकडे लक्ष दिलं नाही, आणि इंजिन गेल्यावर ऑटोपायलटवर नको इतका विसंबला.

काही घरांत कर्ता माणूस कर्जाचं नाव काढत नाही. सण होतात, फिया भरल्या जातात, सगळं सुरळीत. मग एक दिवस बँकेचा माणूस दारात उभा राहतो, आणि घरच्यांना पहिल्या दिवशी कळलं असतं तर जे सहज निभावलं असतं ते आता निभावत नाही. ऑटोपायलटचं दुखणं हे आहे. तो कमकुवत आहे म्हणून नव्हे, तर सोसतो म्हणून घात होतो. आणि सोसण्याची हद्द आली की भरलेला हंडा अचानक दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतो, तेही नेमक्या वाईट क्षणी.

३६ वर्षांनी, ९ जानेवारी २०२१ ला, जाकार्ताहून निघालेल्या श्रीविजया एअरच्या बोइंग ७३७-५०० ची कथा याच वळणाने गेली. तिथे इंजिन बंदसुद्धा पडलं नव्हतं. जोर कमी करताना उजव्या इंजिनाचा लिव्हर अडकला आणि जागचा हलला नाही. ती कसर भरून काढायला ऑटोथ्रॉटल डावा लिव्हर मागे मागे घेत गेला. दोन इंजिनांतली तफावत वाढत गेली, आणि ऑटोपायलट व्हील उजवीकडे वळवून ती झाकत गेला. तो सुटला तेव्हा विमान डावीकडे कलंडलं. ६२ जण गेले. इंडोनेशियाच्या तपास अहवालात लिव्हर अडकण्याबरोबरच यंत्रावर भिस्त ठेवून नजर ढिली पडण्याचाही उल्लेख आहे.

म्हणून वैमानिकांना काय शिकवतात? ऑटोपायलट काढून टाका, असं मुळीच नाही. उलट एका इंजिनावर काम इतकं वाढतं की तो असलेला बराच. शिकवतात ते असं, की त्याच्या अंगावरचं ओझं आधी उतरवा आणि मग त्याला झेपेल असा हुकूम द्या. ३५-३६ हजार फुटांवर दोनांपैकी एक इंजिन गेलं तर राहिलेल्याला पूर्ण जोर देऊनही ती उंची टिकत नाही. अशा वेळी ऑटोपायलटला जुनाच हुकूम चालू राहिला तर तो उंची राखेल आणि वेग गमावेल. म्हणून राहिलेल्या इंजिनाला सतत देता येईल तेवढा जास्तीत जास्त जोर द्यायचा, ऑटोथ्रॉटल बाजूला काढायचा, नाक सरळ करायचं आणि ऑटोपायलटला नवी, खालची उंची सांगायची. मग तो हळूहळू, ठरलेल्या वेगाने, २०-२५ हजार फुटांपर्यंत उतरवून आणतो. आतल्या प्रवाशाला बहुधा एवढंच कळतं की जेवणाच्या गाड्या आवरल्या गेल्या आणि कुठलंतरी भलतंच विमानतळ आलं.

दोन्ही इंजिनं एकदम गेली तर हा हट्टी आज्ञाधारकपणा फार महाग पडतो. १७ जानेवारी २००८ ला बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ लंडनच्या हीथ्रोवर उतरत होतं. इंधनाच्या वाटेत बर्फ साचला आणि जमिनीपासून ७०० फुटांवर दोन्ही इंजिनांचा जोर पार मंदावला. ऑटोपायलटला काम दिलेलं होतं उतरणीच्या रेषेवर राहण्याचं. जोर नाही, पण रेषा तर सोडायची नाही. म्हणून तो नाक उचलत गेला आणि वेग घालवत गेला. पावणेदोनशे फुटांच्या आसपास सहवैमानिकाने नाक खाली दाबलं तेव्हा तो सुटला. दरम्यान कॅप्टनने पंखांमागच्या झडपा, म्हणजे फ्लॅप, थोडे आत घेऊन हवेचा अडथळा कमी केला होता, त्यामुळे विमान कुंपण ओलांडून धावपट्टीच्या अलीकडे सुमारे ३३० मीटरवर गवतात आदळलं. १५२ पैकी एकही जण दगावला नाही.

आता तुमचं जड स्टिअरिंग. तुमचा अंदाज बरोबर आहे, कारण मोठ्या विमानाच्या झडपाही हायड्रॉलिकच्या दाबावर हलतात आणि तो दाब देणारे पंप इंजिनांवरच बसवलेले असतात, वीज देणारे जनरेटरही. पण यातलं काहीच एका इंजिनाच्या भरवशावर ठेवत नाहीत. एअरबस ए-३२० मध्ये हायड्रॉलिकच्या तीन वेगळ्या व्यवस्था आहेत. एका बाजूचा दाब गेला तर दुसऱ्या बाजूच्या दाबावर पहिल्या बाजूचा पंप फिरवणारं एक यंत्रही आहे. तुम्ही एअरबसमध्ये बसला असाल तर त्याचा आवाज ऐकलाही असेल : जमिनीवर असताना पायाखाली कुत्रं भुंकल्यासारखं जे ‘भुक्-भुक्’ येतं ते हेच. तेव्हा एक इंजिन गेल्याने स्टिअरिंग जड होत नाही.

दोन्ही गेली तर मात्र तुमच्या उतारावरच्या गाडीसारखी स्थिती. विमानाच्या पोटातून एक छोटा पंखा बाहेर पडतो, समोरच्या वाऱ्यावर फिरतो, आणि गरजेपुरता दाब नि वीज देतो. तेवढ्यावर झडपा हलतात, मोजकी उपकरणं चालतात. ए-३२० सारख्या विमानात ऑटोपायलट त्या मोजक्यांत नसतो, तिथे विमान हातानेच न्यावं लागतं. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाचं बोइंग ७६७ ४१ हजार फुटांवर इंधन संपून घसरगुंडीला लागलं होतं (इंधनाचा हिशेब किलोऐवजी पौंडांत झाला होता!) तेव्हा ते याच पंख्यावर गिमली गावच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर उतरलं. उतरायला वेग कमी केला की वारा कमी, वारा कमी की पंखा मंद, पंखा मंद की दाब कमी : अगदी शेवटी, नेमकं लागतं तेव्हा, कॅप्टनच्या हातातलं स्टिअरिंग जड व्हायला लागलं होतं. कुणाचा जीव गेला नाही.

प्रश्न : अहमदाबादच्या विमान अपघातात ऑटोपायलटने काहीच का केलं नाही?
— या आशयाची अनेक पत्रं

उत्तर : कारण त्या वेळी तो चित्रात नव्हता. उड्डाणाचे पहिले क्षण वैमानिकाच्या हातातले. धावपट्टी सोडताना इंजिन गेलं तर काय करायचं, याची परीक्षा वैमानिकांना सिम्युलेटरमध्ये दर सहा महिन्यांनी पुन्हा पुन्हा द्यावी लागते. ते उड्डाण हातानेच करायचं असतं : पायाने रडर, चाकं वर, ठरलेला वेग राखायचा, आणि काहीशे फुटांवर विमान नीट सरळ झालं की मग ऑटोपायलट लावायचा.

अहमदाबादला, १२ जून २०२५ ला, तर प्रश्न एका इंजिनाचा नव्हताच. प्राथमिक अहवालानुसार जमीन सोडल्यावर काही सेकंदांत दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच, एकापाठोपाठ एक सेकंदाच्या अंतराने, बंदच्या स्थितीत गेले. नंतर ते पुन्हा चालूवर आणले गेले, पण तेवढा वेळ नव्हता. स्विच तसे का गेले यावर तर्क लढवणाऱ्यांत मी भर घालणार नाही. उंची बघा फक्त. मोठं प्रवासी विमान इंजिनांशिवाय एक किलोमीटर उंची मोडून सुमारे १५ किलोमीटर पुढे जातं. आकाशात उंच असताना हे मोठं भांडवल असतं. सहाशे फुटांवर, चाकं बाहेर असताना, त्याचे जेमतेम दोन किलोमीटर होतात. एवढ्या तुटपुंज्या पुंजीवर उत्तम ऑटोपायलटही काही करू शकला नसता.

प्रश्न : मी नववीत आहे. ऑटोपायलटला रडर वापरता येत नाही म्हणून अपघात होतात, तर त्याला रडर देऊन का टाकत नाहीत? विमानात एवढे सेन्सर असतात, कुठलं इंजिन बंद पडलं हे त्याला सहज कळेल.
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : देतात ग, बऱ्याच विमानांत दिलेलं आहे. एअरबस ए-३२० मध्ये ऑटोपायलट चालू असताना इंजिन गेलं तर रडरचं ट्रिम आपोआप फिरतं. हाताने उडवताना मात्र वैमानिकालाच पाय लावावा लागतो. बोइंग ७७७ मध्ये तर ऑटोपायलट असो-नसो, दोन इंजिनांच्या जोरात दहा टक्क्यांहून अधिक तफावत पडली की एक यंत्रणा स्वतः रडर वळवते.

या यंत्रणेत एक बारकावा आहे आणि मला तो फार आवडतो. अभियंत्यांना हवं असतं तर त्यांनी ओढ सुरू होताक्षणीच पुरती पुसून टाकली असती, म्हणजे वैमानिकाला काही जाणवलंच नसतं. त्यांनी तसं केलं नाही. सुरुवातीचा हिसका, नाक जरासं वळणं, पंख जरासा कलणं, हे मुद्दाम जाणवू दिलं जातं. इंजिन गेलंय हे माणसाच्या अंगाला कळलं पाहिजे, म्हणून. वरच्या उत्तरातली चायना एअरलाइन्सची गोष्ट वाचलीस तर असं का केलं ते तुझ्या लगेच लक्षात येईल.

लहान विमानांत याहून पुढची मजल गेली आहे. गार्मिन कंपनीच्या नव्या यंत्रणेत एकुलतं एक इंजिन बंद पडलं की एक बटण दाबायचं; ती जवळचं, पोचता येण्याजोगं विमानतळ शोधते, आणि सोबत योग्य ऑटोपायलट असेल तर सगळ्यात लांब घसरत जाता येईल असा वेग धरून तिकडे तोंड करते. उतरवायचं मात्र माणसानेच. याच कंपनीची दुसरी एक यंत्रणा वैमानिक बेशुद्ध पडला तर विमान संपूर्णपणे स्वतः उतरवते. तिला २०२० मध्ये पायपर एम-६०० या विमानासाठी मान्यता मिळाली. पण त्या यंत्रणेला इंजिन चालू लागतं.

राहिला तुझा दुसरा मुद्दा, कुठलं इंजिन बंद पडलं ते यंत्राला सहज कळेल हा. बहुतेक वेळा कळतं. म्हणूनच ‘बहुतेक’ या शब्दापाशी थांबू. ४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेच्या सोंगशान विमानतळावरून ट्रान्सएशियाचं एटीआर ७२-६०० निघालं. उजव्या इंजिनाचं यंत्र ठाकठीक होतं, पण एका सदोष यंत्रणेने चुकीचा इशारा दिला आणि त्याचा पंखा आपोआप वाऱ्याला समांतर करून टाकला, म्हणजे त्याचा जोर काढून घेतला. यंत्राची चूक झाली. मग माणसाची झाली : कॅप्टनने चालू असलेलं डावं इंजिन मागे ओढून बंद केलं. ५८ पैकी ४३ जण मृत्युमुखी पडले. आणि बघ, त्याने सुरुवातीलाच ऑटोपायलट काढून टाकला होता. तो असता तर विमान सरळ ठेवायचं काम तरी त्याने सांभाळलं असतं आणि कॅप्टनला नीट बघायला काही क्षण अधिक मिळाले असते. याआधीच्या गोष्टींत ऑटोपायलटवर नको इतका भरवसा होता, इथे हवा तेवढाही नव्हता.

म्हणून मोठ्या प्रवासी विमानात इंजिन बंद करण्याचं शेवटचं पाऊल अजून माणसांकडेच आहे, आणि एकट्या माणसाकडे नाही. एक जण लिव्हरवर हात ठेवून कुठलं इंजिन ते म्हणतो, दुसरा बघून ‘हो, तेच’ म्हणतो, मगच लिव्हर हलतो. तुम्ही गणिताचं उत्तर शेजारणीशी पडताळून बघता तसंच. परीक्षेत चालत नाही, इथे सक्तीचं आहे.

प्रश्न : आम्ही १४ जणी जूनमध्ये लेहला निघालोय, दिल्लीहून विमानाने. डोंगरावर असताना एक इंजिन गेलं तर काय, असं एका मैत्रिणीने घाबरवून सोडलंय. तिच्या शंकेचं निरसन करा, म्हणजे तीही येईल.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : शंका मूर्खपणाची नाही, हे आधी तिला सांगा. एका इंजिनावर विमान २०-२५ हजार फुटांपर्यंत उतरतं असं वर लिहिलं आहे, आणि त्या भागातलं नून शिखर ७,१३५ मीटर, म्हणजे साधारण २३,४०० फूट आहे. तेव्हा नुसतं खाली उतरू म्हणून तिथे भागत नाही, कुठून उतरायचं तेही ठरलेलं असावं लागतं.

ते ठरलेलं असतं, निघायच्या आधीच. डोंगराळ मार्गावर नियम असा, की वाटेत कुठेही एक इंजिन गेलं तरी खाली उतरता उतरता विमान वाटेतल्या डोंगरमाथ्यांपासून किमान २ हजार फूट वर राहिलं पाहिजे. त्यासाठी मार्गाचे टप्पे पाडतात : इथपर्यंत इंजिन गेलं तर मागे फिरायचं, इथून पुढे गेलं तर या खोऱ्याच्या दिशेने. अशी सुटकेची वाट अनेकदा विमानाच्या संगणकात आधीच भरून ठेवलेली असते. वैमानिकाने ती निवडली की ऑटोपायलट तिच्यावरून नेतो. न निवडली तर तो आपला जुन्याच रेषेवर चालत राहील. डोंगर जवळ आल्याचा इशारा देणारी यंत्रणा वेगळी असते आणि ती वैमानिकाला ओरडून सांगते, ऑटोपायलटला नाही. म्हणून अशा मार्गावर कॉकपिटमधल्या दोघांना आपण या क्षणी कुठल्या टप्प्यात आहोत हे तोंडपाठ असावं लागतं, आणि लेहला जाण्यासाठी वैमानिकांना खास प्रशिक्षण घ्यावं लागतं.

दुपारी तिथे वारे उठतात, म्हणून विमानं बहुधा सकाळची असतात. दिल्लीला आदल्या रात्रीच पोचा. आणि मैत्रिणीला हेही सांगा की लेहचं विमानतळच १०,७०० फुटांवर आहे. विरळ हवेत दम इंजिनालाही कमी पडतो आणि माणसालाही, तेव्हा पहिला दिवस चौदाही जणींनी हॉटेलात पडून काढायचा. ती आली तर पंधराही.